पहिल्या पानावरचे रकाने : कर्मचाऱ्याचं घर आणि कामातलं समाधान

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं जोडली आहेत.)



नोकरीतलं समाधान या विषयावर आपल्याकडे अभ्यास कमी होत नाही. एमबीएचे प्रकल्प होतात, पीएच.डी.चे प्रबंध होतात, कंपन्या स्वतः दरवर्षी पाहणी करतात. यातले बरेचसे अभ्यास एकाच प्रश्नावलीवर उभे असतात. तुमच्यापैकी नोकरी करणाऱ्या बहुतेकांनी ती कधी ना कधी भरली असेल. पहिल्या पानावर ‘वैयक्तिक माहिती’ : वय, लिंग, शिक्षण, वैवाहिक स्थिती, अनुभवाची वर्षं, मासिक उत्पन्न. पुढच्या पानांवर वीस-पंचवीस विधानं. ‘माझ्या कामाची योग्य दखल घेतली जाते.’ ‘माझे वरिष्ठ माझं ऐकून घेतात.’ आणि प्रत्येकापुढे पाच चौकटी, पूर्ण सहमत पासून पूर्ण असहमत पर्यंत.

मग गणित होतं. पहिल्या पानाचा पुढच्या पानांशी संबंध लावला जातो आणि निष्कर्ष येतो की विवाहित कर्मचारी अविवाहितांपेक्षा जास्त समाधानी, किंवा जास्त शिकलेले कमी समाधानी. शेवटी शिफारस असते : ‘व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक पार्श्वभूमीचा विचार करावा.’ आता हा विचार करायचा म्हणजे काय करायचं? लग्न झालेल्यांनाच घ्यायचं? कमी शिकलेले शोधायचे? ते कुणी लिहीत नाही.

आज मला या पद्धतीवर टीका करायची आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या अभ्यासांत पार्श्वभूमी ही समाधानावर परिणाम करणाऱ्या दहा गोष्टींपैकी एक धरली जाते. पगार एक, साहेब एक, कँटीन एक, तशी पार्श्वभूमी एक. पण माणूस पगार, साहेब आणि कँटीन ज्या मापाने मोजतो, ते माप घरून येतं. दोन माणसं एकाच कामापुढे ‘सहमत’वर खूण करतात, तेव्हा एकाच्या हातात शेर असतो आणि दुसऱ्याच्या हातात किलो. आपण दोघांचे आकडे एकाच रकान्यात घालून सरासरी काढतो. सरासरी बरोबर निघते, अर्थ मात्र निघत नाही.

हे आधी शास्त्राच्या इतिहासातून बघू आणि मग आपल्याकडे येऊ.

प्रेरणेवरचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, हॉथॉर्न असणारच. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा कारखाना होता. तिथे १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. त्यातला सगळ्यात गाजलेला १९२७ मध्ये सुरू झाला. टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच मुली आणि त्यांना भाग पुरवणारी सहावी, अशा सहाजणींना वेगळ्या खोलीत बसवलं. विश्रांतीच्या वेळा बदलल्या, कामाचे तास बदलले, उत्पादन वाढत गेलं. पाठ्यपुस्तकातला धडा असा, की माणसाकडे कुणी लक्ष दिलं, आपुलकीने वागवलं, की तो जास्त काम करतो.

पाठ्यपुस्तक सहसा सांगत नाही तो भाग ऐका. जानेवारी १९२८ मध्ये त्या पाचांपैकी दोघींना खोलीतून काढलं. कारण काय, तर फार बोलतात आणि ऐकत नाहीत. त्यांच्या जागी दोन नव्या मुली आल्या. त्यातली एक, जिला अहवालात ‘क्रमांक दोन’ म्हटलं आहे, सगळ्यांत वेगाने काम करू लागली आणि बाकीच्यांनाही पुढे रेटू लागली. ती स्थलांतरित इटालियन कुटुंबातली. आईच्या निधनानंतर घरचा मोठा भार तिच्यावर आला होता. शिवाय या खोलीत मोबदल्याची पद्धतही बदलली होती. आधी शंभरेक जणींच्या उत्पादनावर वाटा ठरायचा, आता या छोट्या गटाच्या उत्पादनावर ठरू लागला. म्हणजे जास्त काम केलं तर पैसा सरळ हातात. अ‍ॅलेक्स केरी या अभ्यासकाने १९६७ मध्ये या प्रयोगांवर जी झणझणीत टीका लिहिली, तिच्यात हे सगळं आलं आहे.

आता विचार करा. ज्या प्रयोगावर ‘आपुलकीने प्रेरणा वाढते’ हा सिद्धांत उभा राहिला, त्याच प्रयोगाच्या मध्यभागी घर चालवणारी एक मुलगी बसलेली आहे. तिची नोंद कागदावर आहे. कुणी ती लपवली नाही. पण सिद्धांत मांडताना ती बाजूला पडली, कारण एका मुलीच्या घरची अडचण म्हणजे ‘वैयक्तिक बाब’.

हर्झबर्गच्या बाबतीतही असंच झालं. त्याचं प्रसिद्ध पुस्तक १९५९ चं. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारून त्याने दोन याद्या केल्या. यश, दखल, जबाबदारी या गोष्टी प्रेरणा देतात. पगार, धोरणं, देखरेख यांच्यामुळे फार तर असमाधान टळतं. ‘वैयक्तिक आयुष्य’ हा मुद्दाही त्याच्या उत्तरांत आला होता आणि तो दुसऱ्या यादीत जाऊन बसला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की ज्यांचं पोट भरलेलं आहे, ज्यांच्या हातात पदवी आहे, अशा दोन व्यवसायांतल्या माणसांची उत्तरं पुढे ‘माणसाची प्रेरणा’ म्हणून जगभर शिकवली गेली. उत्तर देणाऱ्यांची पार्श्वभूमी सिद्धांतातच मिसळून गेली आणि मग दिसेनाशी झाली.

एकदा मात्र ती फारच ठळक दिसली. १९६५ मध्ये टर्नर आणि लॉरेन्स या हार्वर्डच्या दोघांनी अमेरिकेतल्या अकरा कंपन्यांमधल्या ४७ प्रकारच्या कामांचा आणि ४७० कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपेक्षा होती की काम जितकं विविध आणि जबाबदारीचं, तितकं समाधान जास्त. सगळे एकत्र घेतले तर तसं दिसेना. मग त्यांनी कारखाने कुठे आहेत ते पाहिलं. लहान गावांतल्या कामगारांच्या बाबतीत अंदाज खरा ठरत होता, मोठ्या शहरांतल्या कामगारांच्या बाबतीत उलटं होत होतं. तेच काम, तोच देश, आणि समाधान कुठून आलात त्यावर अवलंबून.

इथे शास्त्राला खरं तर थांबून विचारायला हवं होतं, की शहरातल्या या कामगाराने आयुष्यात असं काय पाहिलं की ‘जबाबदारी’ हा शब्द त्याला बक्षीस वाटत नाही? काहींनी विचारलंही. पण पुढे जे मॉडेल सगळीकडे पोचलं, हॅकमन आणि ओल्डहम यांचं १९७६ चं, त्यात या फरकाला नवं नाव मिळालं : व्यक्तीची वाढीची गरज. कुणात ती जास्त, कुणात कमी. बघा, काय झालं. जी गोष्ट वस्तीत होती, बापाच्या नोकरीत होती, ती माणसाच्या स्वभावात नेऊन ठेवली. एकदा ती स्वभावात गेली की प्रश्न मिटला. ‘यांच्यात वाढीची गरजच कमी आहे’ असं म्हणून साहेब मोकळा.

आता समाधानाच्या आकड्याकडे येतो, कारण तिथे सगळ्यात मोठी गफलत होते.

ब्रिटनमधल्या सुमारे पाच हजार नोकरदारांच्या माहितीवर अँड्र्यू क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये एक लेख लिहिला. बायकांना पगार कमी, बढत्या कमी, आणि तरी त्या पुरुषांपेक्षा जास्त समाधानी असल्याचं सांगतात. असं का? क्लार्कचं उत्तर अपेक्षांचं होतं. ज्यांनी कमी मिळेल असं धरलेलं असतं, त्यांना मिळालेलं पुरेसं वाटतं. आणि पुरावा काय? तरुण, जास्त शिकलेल्या, व्यावसायिक पदांवरच्या आणि पुरुषांची संख्या जास्त असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या बायकांमध्ये हा फरक नाहीसा होतो. ज्यांची अपेक्षा पुरुषांइतकी झाली, त्यांचं ‘जास्तीचं समाधान’ संपलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. समाधानाचा आकडा घसरला म्हणजे प्रत्येक वेळी काम बिघडलं असं नाही. कधीकधी माणसाची मान वर झाली असं असतं. आणि आकडा चढा आहे म्हणजे सगळं आलबेल असंही नाही.

आता गिरणगावात चला. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विणाई खात्यात पगार चांगला असायचा. तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नसे. कारण असं सांगितलं जाई, की धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा इतर कामगार वापरणार नाहीत. म्हणून हे कामगार कमी पगाराच्या कताई खात्यात राहिले. डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला : सगळ्यांचा म्हणून संप करता, मग या खात्याचं दार सगळ्यांना का उघडं नाही?

कल्पना करा, की त्या काळी कुणी आपली ही प्रश्नावली घेऊन गिरणीत गेला असता. कताई खात्यातला एखादा कामगार गावची महारकी, तिथली वेठ आणि तिथले अपमान सोडून आलेला. इथे ठरल्या दिवशी रोख पगार मिळतो, रस्त्यावर चालताना कुणी हटकत नाही. त्याने ‘सहमत’वर खूण केली असती तर नवल नाही. विणाई खात्यातला कोकणी किंवा घाटी साचेवाला, त्याच्याहून जास्त कमावणारा, पण काम वाढलं आणि माणसं कमी केली म्हणून चिडलेला. त्याने ‘असहमत’ म्हटलं असतं. अहवाल काय म्हणाला असता? कताई खातं समाधानी, विणाईत लक्ष घाला. ज्याच्यावर उघड अन्याय होतोय त्याच्या खात्याची फाइल बंद. आणि जात हा रकाना पहिल्या पानावर नव्हताच, त्यामुळे कुणाला शंकाही आली नसती.

गिरणी कामगारांबद्दलचा दुसरा जुना वाद गावाचा. होळीला, गणपतीला, पेरणी-कापणीला कामगार गावी जातो, म्हणून त्याचं गिरणीत मन नाही, तो अजून शेतकरीच आहे, असं मालक म्हणत आणि पुष्कळ अभ्यासकही म्हणत. आजच्या भाषेत बांधिलकी कमी. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने, ज्याला आपण व्हिटली कमिशन म्हणतो, गावाशी असलेलं नातं उलट जमेची बाजू मानलं आणि ते तोडू नये असं सांगितलं. पुढे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात हे नातं नीट उलगडून दाखवलं. गाव हा कामगाराचा विमा होता. आजारपणात, बेकारीत, म्हातारपणात गिरणी काही देत नव्हती, ते गाव देत होतं. बदली कामगाराला रोज सकाळी दारावर उभं राहून आज काम आहे की नाही ते कळायचं. त्याने गावची वाट बंद कशी करायची? आणि १९२८ चा संप सहा महिने चालला, तो गावाच्या आधारावरच चालू शकला.

म्हणजे ज्याला ‘प्रेरणेचा अभाव’ म्हटलं गेलं, ती नोकरीच्या बेभरवशाला दिलेली सरळ, शहाणी उत्तरं होती. पार्श्वभूमी बघताना ही चूक वारंवार होते. घरच्या गोष्टीकडे बोट दाखवायचं आणि त्या गोष्टीला घट्ट धरून ठेवायला लावणारी नोकरी मात्र नजरेआड करायची.

हे जुनं झालं असं कुणाला वाटेल, म्हणून आजचं उदाहरण घेतो : आशा सेविका. ही योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. तिची निवड कशी होते? बाई त्याच गावात राहणारी हवी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, वय साधारण २५ ते ४५. इतर नोकऱ्यांत जी माहिती पहिल्या पानावर नुसती भरून घेतात, ती इथे निवडीची अटच आहे. का? कारण लग्न होऊन गावात आलेली बाई गाव सोडून जाणार नाही, घराघरात तिला ओळख आहे, बाळंतिणीजवळ रात्री तीच जाऊ शकते. तिची पार्श्वभूमी हेच तिचं कौशल्य आहे.

आणि मग त्या कौशल्याचा मोबदला? तिला कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. पगार नाही, कामागणिक मोबदला आणि वर मानधन. तिला विचारा, काम आवडतं का? अनेकजणी म्हणतील, हो. गावात मान मिळाला, दवाखान्यात डॉक्टर नावाने ओळखतात, घराबाहेर पडता आलं. हे खरं आहे. त्याच बायका महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा संपावर गेल्या, मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या, हेही खरं आहे. प्रश्नावलीला ही दोन सत्यं एकत्र धरता येत नाहीत. ती विचारते, समाधानी की असमाधानी? बाई म्हणते, कामाबद्दल समाधानी आहे, म्हणूनच त्याच्या किमतीबद्दल नाही.

आणि इथे धोका आहे. ‘त्यांना पैशापेक्षा सेवेचं समाधान मोठं’ हे वाक्य कौतुकासारखं ऐकू येतं, पण ते मानधन वाढवायचं नाही याचं कारण म्हणून वापरता येतं. नर्स, बालवाडीच्या बाई, अंगणवाडी सेविका, सगळ्यांच्या बाबतीत हे वाक्य आपण ऐकलेलं आहे. कारखान्याच्या मॅनेजरला सेवेच्या समाधानावर पगार घ्या, असं कुणी म्हणत नाही.

मग तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पहिलं पान मोठं करू. जात विचारू, गाव विचारू, कर्ज विचारू, घरात किती खाणारी तोंडं आहेत ते विचारू. थांबा. इतकं सोपं नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी २००७ मध्ये दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून एक लेख लिहिला. हे अधिकारी म्हणत, आम्ही जात बघत नाही, फक्त गुणवत्ता बघतो. आणि मुलाखतीत मात्र विचारत, घरची पार्श्वभूमी काय? वडील काय करतात, भावंडं किती, वाढलात कुठे? त्यांच्या मते यावरून माणूस कळतो, तो रुळेल की नाही ते कळतं. बघा, जो प्रश्न समजून घेण्यासाठी विचारायला हवा, तोच दारातून परत पाठवण्यासाठी वापरला जातो. ज्याच्या वडिलांकडे सांगण्यासारखी नोकरी नाही, त्याची गुणवत्ता पहिल्याच उत्तरात अर्धी होते.

म्हणून माझ्या टीकेचा शेवट ‘जास्त माहिती गोळा करा’ असा नाही. पार्श्वभूमी कोण विचारतो, केव्हा विचारतो आणि उत्तर मिळाल्यावर त्याने काय बदलायचं कबूल केलं आहे, यावर सगळं आहे. निवडीच्या वेळी तो प्रश्न नको. कामावर घेतल्यावर, माणसाने स्वतः सांगितलं तर, त्याचा उपयोग काम बदलण्यासाठी व्हावा. याचं साधं उदाहरण आपल्याकडे आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांमध्ये ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ नावाची सोय आहे. तिच्या अंमलबजावणीबद्दल शिक्षकांच्या शंभर तक्रारी असतील. पण कल्पना बघा. ‘विवाहित शिक्षक कमी समाधानी’ असा निष्कर्ष काढून कुणी थांबलं नाही. दोघांच्या शाळांमधलं अंतर हा प्रश्न आहे आणि अंतर कमी करता येतं, असं मान्य झालं. वैवाहिक स्थिती बदलता येत नाही, नेमणूक बदलता येते.

अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पहिल्या पानावरचा प्रत्येक रकाना भरून घेताना स्वतःला विचारा, की हा रकाना नोकरीतल्या कुठल्या गोष्टीला जाऊन भिडतो? ‘विवाहित’ हा शब्द भिडतो तो रात्रपाळीला, बदलीला, पाळणाघराला. ‘ग्रामीण’ हा शब्द भिडतो रजेच्या नियमाला, इंग्रजीत चालणाऱ्या मीटिंगला. ते दुसरं टोक सापडलं नाही, तर तो रकाना कोऱ्या कागदावरचा शिक्का आहे. आणि समाधानाचा आकडा मांडण्याआधी आणखी एक प्रश्न जोडा : तुम्ही हे काम कशाशी ताडून बघताय? आधीच्या नोकरीशी, वडिलांच्या कामाशी, शेजारच्या टेबलाशी, की बेकारीशी? उत्तर लिहायला दोन ओळी जागा द्या. माणसाच्या हातातलं माप त्या दोन ओळींत सापडेल.



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, मी एका कंपनीत एचआरमध्ये आहे. प्रत्येकाच्या घरचा विचार करत बसलो तर समान नियम कसे राहतील? उद्या प्रत्येकजण सवलत मागेल.

उत्तर : प्रश्न रास्त आहे. पण आजचे नियम सगळ्यांना समान आहेत असं आपण धरून चालतो, ते तपासा. सकाळी साडेआठची मीटिंग सगळ्यांना समान दिसते. ज्याचा डबा घरात दुसरं कुणी करतं आणि जिला चार डबे करून निघायचं असतं, त्या दोघांना ती सारखी पडत नाही. नियम बनवताना कुणाचं तरी घर डोळ्यांपुढे असतंच. प्रश्न एवढाच, कुणाचं? सवलती वाटत बसण्यापेक्षा ती मीटिंग दहाला घ्या. सगळ्यांनाच घ्या. समानता राहील.

प्रश्न : गरिबीतून आलेली मुलं जास्त जिद्दीने काम करतात असं आम्ही पाहतो. ही पार्श्वभूमी फायद्याचीच नाही का?

उत्तर : कुणाच्या फायद्याची, ते आधी ठरवू. ‘क्रमांक दोन’ची मुलगी आठवा. तिची जिद्द खरी होती आणि कंपनीला तिचा फायदाही झाला. पण नोकरी सोडणं परवडत नाही म्हणून केलेलं काम आणि आवडतं म्हणून केलेलं काम, बाहेरून दोन्ही जिद्दच दिसतात. फरक ओळखायचा असेल तर बघा, तो मुलगा साहेबाला ‘नाही’ म्हणू शकतो का. म्हणू शकत असेल तर ती प्रेरणा आहे. नसेल म्हणू शकत, तर ती अडचण आहे, आणि तिच्या जिवावर कामं उरकून घेणाऱ्याने तिला प्रेरणा म्हणू नये.